पुराच्या निवारा केंद्रात बायकामुलींचं आरोग्य आणि सुरक्षितता: बडोद्यासाठी कामाची यादी

काळा घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडते, तेव्हा शाळांचे वर्ग उघडतात, सतरंज्या पडतात आणि ठेपले-सुखडीची पाकिटं यायला लागतात. जेवणाची काळजी करणारे हात बडोद्यात पुष्कळ आहेत. त्याच शाळेच्या संडासाला आतून कडी लागते का, हे बघायचं मात्र राहून जातं. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४मध्ये ऐन जन्माष्टमीच्या सुमारास नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि काही भागांत पाणी दोन-तीन दिवस हललं नाही. एवढ्या दिवसांत कुणाची पाळी येते, कुणाला कळा सुरू होतात, कुणाची गोळ्यांची पट्टी वाहून जाते.

हा लेख निवारा केंद्र चालवणाऱ्यांसाठी आहे: गणेश मंडळाचे कार्यकर्ते, मुख्याध्यापक, सोसायटीच्या बायका, आशाबेन (वस्तीतली आशा सेविका). युद्ध, भूकंप, पूर अशा संकटांत प्रजनन आरोग्याच्या किमान सेवांचा एक संच जगभर वापरतात. कामातली माणसं त्याला ‘मिस्प’ म्हणतात. या सेवा ४८ तासांत सुरू व्हायला हव्यात, असं तो सांगतो. पाहणी-सर्वेक्षण करत बसू नका, गरज आहे हे धरूनच चाला, हा त्याचा पहिला धडा. खालची बहुतेक कामं थोडक्या पैशांत होतात, पण ती लोक आत येण्याआधी व्हावी लागतात. वर्गात तीनशे माणसं झोपली की ड्रिल मशीन घेऊन कडी बसवायला कुणी येत नाही.

आकडे आधी मांडा

तीनशे माणसांचं केंद्र धरा. त्यात १५ ते ४९ वयाच्या साधारण ७५ जणी असतील. कुठल्याही दिवशी त्यातल्या दहा ते तेराजणींची पाळी चालू असेल. दर हजारी वर्षाला वीसेक जन्म हे प्रमाण धरलं, तर चार-पाच गरोदर बाया निघतील. बाळंतपण महिन्याला सरासरी अर्धं, म्हणजे एका केंद्रात तीन दिवसांत ते बहुधा होणार नाही. पण शहरात अशी वीस केंद्रं उघडली तर दर तीन दिवसांना एक बाई कुठल्या ना कुठल्या केंद्रात बाळंत होणार. ‘आमच्याकडे नाही होणार’ असं प्रत्येकजण म्हणतो आणि कुणा एकाचा अंदाज चुकतो. गरोदर बायांपैकी साधारण १५ टक्क्यांना काही ना काही गंभीर गुंतागुंत होते, हे प्रमाण कुठल्याही संकटात धरून चालतात.

सरकारी मोजमापही माहीत असू द्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६च्या किमान निकषांनुसार माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, तीस माणसांमागे एक संडास, तो केंद्रापासून ५० मीटरच्या आत, बायकांसाठी वेगळी संडास-बाथरूमची सोय आणि सॅनिटरी पॅड असलेला संच द्यायचा आहे. वॉर्ड ऑफिसात मागणी करताना हे निकष पुढे ठेवा, उपकार मागितल्यासारखं बोलावं लागत नाही.

पाऊस लागण्याआधी: यादी

जूनमध्येच आशाबेनला घेऊन सखल वस्त्यांतली गरोदर बायांची यादी करा. नाव, कितवा महिना, डॉक्टरांनी दिलेली तारीख, कितवी खेप, आधी सिझर झालंय का, रक्तदाब किंवा फिट्सचा इतिहास, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि घरातला एक चालू फोन नंबर. ममता कार्डाच्या (गरोदरपणातल्या तपासण्यांच्या नोंदीचं सरकारी कार्ड) दोन्ही बाजूंचा फोटो तिच्याच फोनमध्ये काढून ठेवायला सांगा आणि मूळ कार्ड चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत. दाहोद-पंचमहालकडून बांधकामावर आलेल्या मजूर बायांकडे कार्ड गावचं असतं किंवा नसतंच. त्यांना याच कारणावरून वगळलं जातं, म्हणून त्यांची नावं सगळ्यात आधी लिहा.

यादीत काय लिहायचं नाही हेही ठरलेलं हवं. एचआयव्हीची औषधं, पूर्वीचा गर्भपात, नवऱ्याची मारहाण यातलं काहीही त्या कागदावर येता कामा नये. यादी दोघींच्या हातात राहील, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडणार नाही.

ज्यांचे ३६ आठवडे उलटलेत, ज्यांचं आधी सिझर झालंय, जुळं आहे किंवा रक्तदाब चढलेला आहे, त्यांनी नदीच्या वरच्या अंगाच्या आजवा धरणातून पाणी सोडायची बातमी येताच निघायचं. पाणी अंगणात शिरेपर्यंत थांबायचं नाही. कुठे जायचं हे नदी ठरवते. पूल बंद झाले की शहराचे दोन तुकडे होतात. पूर्वेकडच्यांनी सयाजी हॉस्पिटल किंवा मांडवीतलं जमनाबाई, पश्चिमेकडच्यांनी गोत्रीचं हॉस्पिटल धरायचं. बाईची सगळी तपासणी पलीकडच्या काठावर झालेली असली तरी पुराच्या आठवड्यात अलीकडचंच हॉस्पिटल तिचं. म्हणून कार्ड सोबत हवं.

दार उघडण्याआधी: खोल्या, कड्या, दिवे

केंद्राची एक जबाबदार बाई नेमा, शक्यतो दोघी, आळीपाळीने. त्यांचं नाव, फोटो आणि फोन नंबर गुजराती, हिंदी, मराठीत दारावर लावा. केंद्रात काहीही झालं तर कुणाला सांगायचं हे प्रत्येकीला पहिल्याच तासात कळलं पाहिजे. सांगायची जागा अन्नवाटपाच्या टेबलाशी नको. तिथे बाई एकटी बोलूच शकत नाही. एक छोटी खोली, ऑफिस किंवा प्रयोगशाळा, रिकामी ठेवा. आत पलंग किंवा दोन बाकं जोडून, पाण्याची बादली, टॉर्च. तपासणी, अंगावर पाजणं, खासगी बोलणं, वेळ आलीच तर बाळंतपण, सगळं याच खोलीत होईल. सामानाची कोठी करायला ती सगळ्यांना हवी असते. देऊ नका.

झोपायला कुटुंबांचे वर्ग वेगळे, एकट्या बाया आणि त्यांच्या मुलांचे वेगळे, एकट्या पुरुषांचे दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्या टोकाला. एकट्या बायांचा वर्ग जिन्याच्या अगदी शेवटी, कोपऱ्यात ठेवू नका. तिथपर्यंत जाताना अंधारी पडवी ओलांडावी लागते.

आता संडास. तीस माणसांमागे एक या हिशेबाने तीनशेंना दहा. बायकांना वेळ जास्त लागतो, सोबत मुलं असतात, म्हणून जगभर तीन बायकांचे तर एक पुरुषांचा हे प्रमाण सांगतात. म्हणजे सात-आठ बायकांचे. शाळेत एवढे नसतातच, त्यामुळे पुरुषांच्या रांगेतले काही बायकांना द्यायचे आणि पुरुषांसाठी मैदानात महापालिकेचे फिरते संडास मागवायचे. उलटं करू नका. मैदानातल्या संडासाकडे रात्री चिखलातून जायला लागलं तर बाया पाणी प्यायचंच बंद करतात. मग लघवीची जळजळ, ताप, आणि गरोदर बाईला त्यातून वेळेआधी कळा. शाळेमागच्या झुडपांत जाणं तर नकोच. पुरात विश्वामित्रीतल्या मगरी सोसायट्यांच्या आवारात निघाल्यात हे बडोद्याला सांगायला नको.

प्रत्येक दाराला आतून कडी, बाहेरून नाही. आत एक खिळा किंवा हूक, कपडे आणि पिशवी अडकवायला. एक झाकणाचा डबा. मग. दिवा दाराबाहेर आणि वाटेवर, वीज जाणार हे धरून चार्जिंगचा किंवा सोलरचा. साडीचे, ताडपत्रीचे आडोसे करून न्हाणीघर केलं असेल तर आत दिवा लावू नका. बाहेरून सावली स्वच्छ दिसते. दिवा आडोशाच्या वर, बाहेरच्या बाजूने बांधा. आडोसा निदान सहा फूट उंच हवा आणि खाली जमिनीला टेकलेला. रोज संध्याकाळी सातला जबाबदार बाईने स्वतः आत जाऊन कडी लावून बघायचं. दुसऱ्याच दिवशी दोन-तीन कड्या निघालेल्या असतात, कारण मुलं लटकतात.

फोटो काढायला बंदी. मदत देतानाचे, झोपलेल्या बायांचे, ओल्या कपड्यांतले, कुठलेच नाहीत. न्हाणीघरात डोकावणं, तिथलं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७खाली गुन्हा आहे, हे दारावरच्या कागदावर लिहा. स्वयंसेवकांपैकी कुणीही पुरुष बायांच्या खोलीत एकटा जाणार नाही. अन्न, पांघरूण, पंचनाम्यात नाव, यातल्या कशाच्याही बदल्यात कुणी काही ‘मागितलं’ तर त्याला त्याच तासाला केंद्राबाहेर काढायचं आणि तक्रार पुढे द्यायची. मंडळाचा जुना कार्यकर्ता असला तरी.

पाळी

तीन दिवसांना थोडे जादा धरून २५० पॅड पुरतात: रोज तेराजणी, प्रत्येकी पाच. पण पॅडइतकीच निकर लागते, आणि ती कुणी आणत नाही. अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी आलेल्या बाईला नुसतं पॅड देऊन उपयोग काय? तीन मापांत मिळून निदान ४० निकर, सेफ्टी पिना, दोरी, काळ्या किंवा कागदी पिशव्या, अंगाचा साबण. घडीचं सुती कापड वापरणाऱ्या बाया, विशेषतः वयाने मोठ्या, पॅड घेत नाहीत. त्यांना जुन्या सुती लुगड्याचे स्वच्छ तुकडे, वेगळी बादली आणि वाळत घालायला आडोशाची दोरी द्या. पुरात खरी अडचण वाळवण्याची. दमट कापड पुन्हा वापरलं की खाज आणि पुरळ ठरलेली. हवा खेळती असेल तिथे, जमलं तर पंख्याखाली वाळवा. नाहीच वाळलं तर तेवढ्या दिवसांपुरतं पॅड.

वाटप रांगेत नको, पुरुषाच्या हातून नको. पिशव्या खासगी खोलीत ठेवा आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्याजणींना सांगा की लागलं तर उचलून घ्या, विचारायचं कारण नाही. पाळी म्हणा, एमसी म्हणा, कावळा शिवला म्हणा, शब्द कुठलाही चालेल. बारा-तेराच्या पोरींना वेगळं सांगावं लागतं, कारण काहींची पहिली पाळी नेमकी इथेच येते आणि आई पंचनाम्याच्या रांगेत असते. वापरलेले पॅड संडासात टाकू नयेत हे सांगून भागत नाही, झाकणाचा डबा आतच ठेवावा लागतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी रांगेतले निम्मे संडास तुंबतात आणि दोष बायकांना जातो.

धोक्याच्या खुणा

गरोदर बाईला यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही, १०८ला (ॲम्ब्युलन्सला) फोन: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्या-हातांवर सूज, फिट, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, बारा तासांवर चाललेल्या कळा. केंद्रात रक्तदाबाचं मशीन असू द्या. १४०/९० किंवा वर आलं तर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तेवढंच आलं तर पाठवा. फिट आलेल्या बाईला निघण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट देता येतं: दोन्ही नितंबांत खोल स्नायूत पाच-पाच ग्रॅम, एकूण दहा. हे प्रशिक्षित नर्सनेच द्यायचं. बाकीच्यांनी तिला डाव्या कुशीवर वळवायचं आणि तोंडात काहीही घालायचं नाही, चमचासुद्धा नाही.

कळा सुरू झाल्या आणि रस्ता बंद आहे

आधी फोन. १०८वर आणि आपत्तीच्या कंट्रोल रूमवर, जिल्ह्याचा नंबर १०७७. सांगायचं ते नेमकं: कितवी खेप, कळा किती मिनिटांनी, पाणी गेलंय का, आणि रस्त्यावर पाणी गुडघ्याएवढं की कमरेएवढं. कमरेच्या वर असेल तर ॲम्ब्युलन्स येणार नाही, बोट लागेल. गुडघ्याएवढ्यात ट्रॅक्टर किंवा डंपर चालतो. पहिलटकरणीला सहसा वेळ मिळतो. दुसरी-तिसरी खेप असेल आणि ‘संडासला लागलंय’ असं ती म्हणायला लागली, तर ते बाळाचं डोकं असण्याची शक्यता जास्त. तेव्हा तिला बोटीत चढवू नका, खासगी खोलीत न्या. तिला संडासात एकटीला जाऊ देऊ नका.

केंद्रात बाळंतपणाचे दोन बंद संच आधीपासून हवेत. प्रत्येकात एक मीटर चौरस प्लॅस्टिकचा कागद, साबण, हातमोजे, पाकीटबंद नवं ब्लेड, नाळ बांधायला दोन स्वच्छ दोरे, बाळ पुसायला आणि गुंडाळायला दोन सुती कापडं, मोठे पॅड, टॉर्च. नर्स, निवृत्त सिस्टर, अनुभवी आशाबेन, आसपास कुणी आहे का हे आदल्या दिवशीच शोधलेलं असावं. बाकीच्यांना खोलीबाहेर काढा. आत दोघी-तिघी पुरेत.

हात साबणाने कोपरापर्यंत, घड्याळ-बांगड्या काढून धुवा. बसायचं की कुशीवर पडायचं, तिला बरं वाटेल तसं. पोट दाबायचं नाही, बाळ ओढायचं नाही, कळ नसताना ‘जोर लाव’ म्हणून ओरडायचं नाही. डोकं बाहेर आल्यावर मानेभोवती नाळ आहे का बघा, सैल असेल तर हळूच डोक्यावरून काढा. बाळ आलं की लगेच कोरडं करा, ओलं कापड टाकून द्या आणि बाळ आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून कोरडं कापड. रडलं नाही तर पाठ चोळा. तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्क (तोंडावर धरून फुगा दाबत श्वास द्यायचं साधन) लागतो, तो ज्याला येतो त्याने द्यावा. उलटं धरून थापट्या मारणं सोडा.

नाळेची घाई नको. एक ते तीन मिनिटं थांबा, ठोका थांबू द्या. बाळाच्या पोटापासून दोन बोटांवर एक घट्ट गाठ, पुढे तीन-चार बोटांवर दुसरी, मधे नव्या ब्लेडने काप. बेंबीवर हळद, तेल, राख, पावडर काहीही नाही. नवं ब्लेड नसेल तर नाळ कापूच नका. वार आली की ती कापडात गुंडाळून बाळाशेजारी ठेवा आणि तसंच हॉस्पिटलला न्या. जुनी कात्री चुलीवर धरून कापण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

खरी भीती यानंतरची. बाईचा जीव सर्वाधिक वेळा बाळ आल्यानंतरच्या रक्तस्रावाने जातो. सगळे बाळाभोवती असतात आणि तिच्याखालचं कापड भिजत असतं. म्हणून एकीने फक्त आईकडे बघायचं. पाच मिनिटांच्या आत पॅड पूर्ण भिजलं तर तो जास्तीचा रक्तस्राव. बेंबीखाली हाताला गर्भाशय लागतं. ते मऊ असेल तर कडक होईपर्यंत गोल-गोल चोळा, तिला लघवी करायला लावा, बाळ छातीला लावा, आणि १०८ला पुन्हा फोन करा. वार अर्ध्या तासात आली नाही तर ओढू नका, पाठवा.

औषधाचा एक मुद्दा पुराच्या दिवसांत हमखास विसरतात. रक्तस्राव रोखायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. वीज दोन दिवस गेली, फ्रिज बंद, तरी बाटली दिसायला तशीच राहते आणि असर मात्र उतरलेला असतो. बर्फाच्या डब्यात हलवलेलं असेल तरच त्यावर विसंबा. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही. बाळ आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने द्यायच्या असतात, नर्स किंवा प्रशिक्षित आशाबेनच्या हातून. बाळ येण्याआधी कळा वाढवायला त्या दिल्या तर गर्भाशय फाटू शकतं.

ओली बाळंतीण, बाळ आणि दुधाच्या पावडरीचे डबे

पहिल्या तासात अंगावर पाजायचं, पहिले २४ तास आंघोळ नाही. अडीच किलोच्या आतलं बाळ लवकर गार पडतं. त्याला छातीशीच बांधून ठेवा. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांत कावीळ-बीची लस, ही हॉस्पिटलात पोचल्यावर मागून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांत.

पुरात दात्यांना दुधाची पावडर आणि बाटल्या वाटाव्याशा वाटतात. घेऊ नका. घाण पाण्यात कालवलेली पावडर आणि न उकळलेली बाटली म्हणजे जुलाब. शिवाय १९९२च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पर्यायांचं असं फुकट वाटप करायला बंदी आहे. ‘धसक्याने दूध आटलं’ ही तक्रार रोज ऐकू येते. भीतीने दूध उतरायला वेळ लागतो, ते संपत नाही. तिला कोपरा, पाणी, जेवण आणि थोडी शांतता द्या, बाळ वारंवार लावा. आई खरोखर जवळ नसेल तेव्हाच डॉक्टरांच्या सल्ल्याने वाटी-चमचा.

वाटपातल्या गोळ्या

पाणी ओसरताना शिबिरं लागतात आणि मूठमूठ गोळ्या वाटल्या जातात. लेप्टोसाठी (पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) डॉक्सीसायक्लिन देतात, ती गरोदर बाईने परस्पर घ्यायची नाही. मलेरियाची प्रायमाक्विन गरोदरपणात नाही, सहा महिन्यांच्या आतलं बाळ पाजणाऱ्या आईलाही नाही. अंगदुखीला आयब्युप्रोफेन टाळा, पॅरासिटामॉल चालतं. टेबलावर बसणाऱ्याने प्रत्येकीला ‘दिवस गेलेत का, पाजतेस का’ हे विचारलंच पाहिजे, आणि हळू आवाजात. पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जीवघेणी होऊ शकते. तिचं पिण्याचं पाणी उकळून द्या, टँकरच्या क्लोरिनवर सोडू नका.

अत्याचार झाला तर

तक्रार आली नाही म्हणजे झालं नाही असं नव्हे, म्हणून तयारी आधी. कुणी येऊन सांगितलं तर खासगी खोलीत, एकच बाई, ऐकून घ्यायचं. ‘तू तिथे कशाला गेलीस’ हा प्रश्न गिळायचा. पुन्हा पुन्हा हकिगत विचारायची नाही. काय काय करता येईल ते सांगायचं, ठरवायचं तिने.

घड्याळ मात्र चालू असतं. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, खरं तर पहिल्या काही तासांत, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, तीही ७२ तासांत. पाच दिवसांपर्यंत देता येते, पण असर उतरत जातो. शरीरावरचा पुरावा ९६ तासांपर्यंत घेता येतो. सोबत कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस, लैंगिक संसर्गावरचे उपचार. रस्ते बंद असतील तर ७२ तास सहज निघून जातात. म्हणून पावसाआधीच जवळच्या अर्बन हेल्थ सेंटरला विचारून ठेवा: ही गोळी आणि औषधांचा पहिला डोस तुमच्याकडे आहे का, नसेल तर कुठून येईल.

जमलं तर तिने जाण्याआधी आंघोळ करू नये, कपडे बदलू नयेत. केली असेल तरी न्यायचंच, ‘आता काय उपयोग’ म्हणायचं नाही. कपडे बदललेच तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल्या कपड्यांना बुरशी येते आणि पुरावा जातो.

आधी हॉस्पिटल. एफआयआर नाही म्हणून परत पाठवता येत नाही. सरकारी असो की खासगी, हॉस्पिटलने तिच्यावर लगेच आणि फुकट उपचार करायचे, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७मध्ये आहे, आणि न करणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम २००खाली शिक्षा. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं. सज्ञान बाईला तक्रार नको असेल तर तसं लिहून घेतात, उपचार थांबत नाहीत. प्रत्येक तपासणीला तिची संमती लागते. दोन बोटांच्या चाचणीला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली आहे. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न नंतर.

मुलगी अठराच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने, ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, केंद्रातल्या स्वयंसेवकालाही. ‘आपसात मिटवू’ हा पर्याय तिथे नाही. तिला हे आधी सांगा, खोटं वचन देऊ नका. तिचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो, आणि तपासणी महिला डॉक्टरने. नाव कुठेही बाहेर येता कामा नये.

घरातल्या मारहाणीसाठी गुजरातची अभयम हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, पोलीस ११२. एकटी मुलगी केंद्रातून बाहेर जाताना कुणासोबत चालली हे वहीत लिहा, नेणाऱ्याचं ओळखपत्र बघा. ‘मामा’ म्हणून आलेल्याला मुलीनेही ओळखलं पाहिजे.

गोळ्यांची पट्टी वाहून गेली

माला-एन ही गर्भनिरोधक गोळी दोन-तीन दिवस चुकली तर मिळताच सुरू करायची आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत घेता येतं, त्यामुळे पाण्यातून धावायची गरज नाही. निरोध संडासाजवळच्या डब्यात ठेवा, कुणी मोजू नये. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांनी खंड पडू देऊ नये. ही औषधं देणारं आपलं एआरटी केंद्र पाण्यात असेल तर दुसऱ्या केंद्रातून औषध मिळतं. हे दारावरच्या कागदावर सगळ्यांसाठी लिहिलं की कुणाला पुढे येऊन विचारावं लागत नाही.

गर्भपाताबद्दल एक गोष्ट डॉक्टरांनाही कधीकधी आठवण करून द्यावी लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने होतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० ते २४ आठवड्यांत, दोन डॉक्टरांच्या मताने, ज्या गटांना परवानगी आहे त्यात बलात्कारित स्त्रिया आणि अल्पवयीन मुली आहेतच, शिवाय सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेल्या स्त्रियाही आहेत. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. दुकानातून परस्पर गोळ्या आणून केंद्रात घेणं मात्र पुरात दुप्पट धोक्याचं, रक्त गेलं तर बोट शोधावी लागेल.

घरी परतताना

केंद्र बंद करायच्या दिवशी गरोदर आणि बाळंत बायांची यादी त्या-त्या भागातल्या आशाबेनच्या हातात द्या, फोनवर सांगून सोडू नका. घरात चिखल काढायचं, भिजलेली कपाटं हलवायचं काम त्यांच्याकडे जातंच. घरच्या माणसांना समोर बसवून सांगा की बाळंतिणीने सहा आठवडे आणि गरोदर बाईने मुळीच जड उचलायचं नाही. प्रत्येकीच्या पिशवीत एका महिन्याचे पॅड, साबण, लोहाच्या गोळ्या आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी. मग कड्या, दिवे, झाकणाचे डबे आणि उरलेला बाळंतपणाचा संच एका पेटीत भरा, पेटीवर शाळेचं नाव आणि ब्लेडच्या पाकिटावरची मुदत लिहा, आणि किल्ली कुणाकडे आहे ते मुख्याध्यापकांना लेखी द्या.